खुर्ची क्रमांक दोन

अर्जातल्या ‘कारण’ या रकान्यात लोक काहीही लिहितात. ‘कोर्टासाठी’ लिहितात, ‘सासऱ्यांना दाखवायला’ लिहितात. एकाने तर ‘राग आला म्हणून’ असं लिहिलं होतं आणि मी तो अर्ज मंजूर केला होता. सांगलीच्या विश्रामबागेत घरपण नावाचं कुटुंब समुपदेशन केंद्र आहे. तिथल्या नोंदी आणि तक्रारी सांभाळायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. खिडकीपलीकडच्या माणसाचा चेहरा बघायच्या आधी मी त्याचा अर्ज बघते. वाईट सवय आहे, पण लागली ती लागली.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी ऋतुजा मगदूमने जो अर्ज आत सरकवला त्याच्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या मुलीचे ठोके हवे आहेत.’

“असं कारण चालत नाही ओ,” मी म्हणाले. “वैयक्तिक संग्रहासाठी, असं लिहा.”

तिने मुकाट्याने ते खोडलं आणि मी सांगितलं तसं लिहिलं. मग विचारलं, “एकतीस तारखेला आमची फाईल बंद होणार. त्यानंतर तुम्ही सगळं नष्ट करता ना?”

“करावंच लागतं. कायदा आहे तसा.”

“म्हणून म्हटलं, त्याआधी एक प्रत मिळाली तर बरं होईल. अन्वीचे बारा आठवड्यांचे ठोके आहेत त्यात. फोटो आहेत माझ्याकडे, पण फोटो काय, कुणीही काढतं.” ती ओशाळल्यासारखी हसली. “सोमवारी येऊ का न्यायला?”

मी या म्हटलं. पस्तिशीची बाई, हाडकुळी, मिरजेच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करणारी. चौदा महिन्यांपूर्वी याच केंद्राच्या अहवालावरून ती स्वतःच्या घरातून बाहेर पडली होती. आता एकतीस तारखेपर्यंत अंतिम करारावर सही झाली की ते कायमचं होणार होतं. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत आई वेगळी राहील, आठवड्यातून एक तास भेटेल. अन्वी तेव्हा दहा वर्षांची होती.

हे कशावरून ठरलं ते सांगायला हवं.

हृदयाचा प्रत्येक ठोका रक्त वर ढकलतो आणि तेवढ्याच जोराने शरीर किंचित खाली दाबलं जातं. ही हालचाल केसाच्या जाडीहून कमी असते. आपल्याला कळत नाही, पण आमच्या खुर्च्यांच्या बैठकीत एक पातळ पापुद्रा बसवलेला आहे, त्याला कळते. तो ठोके टिपतो, श्वास टिपतो आणि छातीच्या थरथरीवरून कोण बोलतंय तेही ओळखतो. काय बोलतंय ते मात्र त्याला कळत नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांचे ठोके एकमेकांच्या मागे चालतात हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पुढे त्याचं गणित बसवणारं यंत्र आलं, त्याला आम्ही सहस्पंद म्हणतो. कुणाचा जीव आधी घाबरा होतो आणि कुणाचा त्याच्या मागोमाग, कुणाच्या बोलण्याने कोण निवतं, हे बारा बैठकांनंतर ते चक्क रेघा काढून दाखवतं. लाल रेघ म्हणजे त्रास, हिरवी म्हणजे आधार.

सहस्पंद येण्याआधी विमा कंपन्या कुटुंबाच्या समुपदेशनाला एक पै देत नसत. चार माणसं बसून बोलली आणि रडली, याचा पुरावा काय, असं त्यांचं म्हणणं. सहस्पंदाने पुरावा दिला आणि कंपन्या पैसे द्यायला लागल्या. अट एकच, अहवाल जे सांगेल तोच उपचार. मधल्या काळात कुठल्याशा शहरात कुटुंबांच्या बैठकांची चित्रणं फुटली, बोभाटा झाला, आणि कायदा आला की समुपदेशनाच्या खोलीत कॅमेरा नको आणि आवाजाची नोंदही नको. त्यामुळे आत काय घडलं याची साक्ष द्यायला फक्त खुर्च्या उरल्या.

अन्वी मगदूम आठ वर्षांची असताना तिचा श्वास अडकायला लागला. ओठ निळे पडायचे. दोनदा अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. फुप्फुसं चांगली, हृदय चांगलं. डॉक्टरांनी सांगितलं की घरात काहीतरी आहे, आणि कुटुंब आमच्याकडे आलं. वडील सन्मती हळदीच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला. आई ऋतुजा. आजी कुसुमाक्का, म्हणजे सन्मतीची आई. बारा बैठका झाल्या आणि अहवाल आला. मुलीकडे जाणारी लाल रेघ आईची होती. हिरवी रेघ आजीची होती.

विमा कंपनीने अंतर योजना मंजूर केली. आईने वेगळं राहायचं. आमच्याच भेटीच्या खोलीत आठवड्याला एक तास मुलीला भेटायचं. त्या खोलीत टेबलावर एक हिरवा दिवा असतो. मुलीचे ठोके वाढले की तो पिवळा होतो, म्हणजे मागे सरा.

ऋतुजाने एका शब्दाने वाद घातला नव्हता. अहवाल हातात घेऊन तिने फक्त विचारलं होतं, “मी काय करते नेमकं?” नाईकवडी सरांनी, म्हणजे आमच्या समुपदेशकांनी, समजावलं की तुम्ही मुद्दाम काही करत नाही, तुमची धास्ती तिच्यात उतरते. तिला ते लगेच पटलं. पोराला काही झालं की आपलंच काही चुकलं असेल, असं मानायला आया तयारच बसलेल्या असतात.

*

गुरुवारी दुपारी डबा खाता खाता मी मगदूमांची फाईल काढली. एरवी प्रत म्हणजे अहवालाची दोन पानं. पण हिला ठोके हवे होते आणि ते कच्च्या नोंदीत असतात. कच्ची नोंद कुणी बघत नाही. नुसते आकडे असतात, एका बैठकीची चाळीस पानं.

पहिलं पान छापून आलं. वेळ, खुर्ची, नाव, ठोके, श्वास. शेवटी एक रकाना वजनाचा होता. माणूस खुर्चीत हलला तर यंत्राला तेवढं वगळता यावं म्हणून ते वजनही टिपतं.

खुर्ची दोन, आई, वजन अठ्ठ्याहत्तर किलो.

खुर्ची तीन, आजी, वजन एकोणपन्नास किलो.

मी डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या बैठकीचं पान काढलं, मग सातवीचं, मग बारावीचं. अठ्ठ्याहत्तर आणि एकोणपन्नास. ऋतुजा नुकतीच माझ्या खिडकीशी उभी होती. अठ्ठ्याहत्तर किलोच्या जवळपासही ती आयुष्यात कधी गेली नसेल. कुसुमाक्का मात्र दारातून जरा आडव्या होऊनच आत येत.

मला तो पहिला दिवस आठवला, आणि नीट आठवला.

डिसेंबर होता. बैठक संध्याकाळी सव्वापाचची. मगदूम जैन, आणि कुसुमाक्का दिवस बुडायच्या आत जेवण उरकणाऱ्या. डिसेंबरात दिवस लवकर बुडतो. म्हणून त्या डबा घेऊनच आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली आणि वीस मिनिटं उशिरा आत आल्या. तोवर मी यंत्रात नावं घालून ठेवली होती. एक वडील, दोन आई, तीन आजी, चार मुलगी. त्या आत आल्या तसे सगळे उठून उभे राहिले. तीन नंबरची खुर्ची नेमकी एसीखाली. “गुडघ्यावर वारं येतंय गं,” असं त्या म्हणाल्या मात्र, ऋतुजाने आपली दोन नंबरची खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः तीनवर जाऊन बसली. अन्वीशेजारी.

मी दाराशी उभी होते. मी हे पाहिलं.

जागा बदलली की यंत्र थांबवून नावं बदलायची, असा नियम आहे. त्याला चार मिनिटं लागतात. बैठक आधीच उशिरा सुरू झालेली, नाईकवडी सर घड्याळ बघत होते. मला वाटलं, पुढच्या वेळी बसतील आपापल्या जागी. पण माणूस पहिल्या दिवशी जिथे बसतो तिथेच शेवटपर्यंत बसतो, शाळेत काय आणि कार्यालयात काय. अकरा बैठका ते तसेच बसले. यंत्राने नावं तीच ठेवली आणि त्या दिवसानंतर मी पुन्हा त्या दारात गेले नाही.

म्हणजे लाल रेघ आजीची होती. हिरवी आईची.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. एकतीस तारखेनंतर ही पानं राहणार नव्हती. ऋतुजाला अहवालाची दोन पानं दिली असती तर ती तेवढ्यावर आभार मानून गेली असती. हे सगळं माझ्या मनात आलं. आलं नाही म्हणाले तर खोटं होईल. शुक्रवारी मी कुणाला काही बोलले नाही.

शनिवारी तिचा भेटीचा तास होता आणि काचेपलीकडे ड्यूटीवर मीच होते. मायलेकी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. ऋतुजा हळू आवाजात बोलत होती, शाळा, सुट्टी, आंबे. एकदा तिने पेन्सिल द्यायला हात पुढे केला आणि बोटं बोटांना लागली. दिवा पिवळा झाला नव्हता, तरी तिने हात झटकन मागे घेतला. चौदा महिन्यांत तिने स्वतःला हे शिकवलं होतं. साबणसुद्धा बिनवासाचा वापरते, असं तिने मला मागे एकदा सांगितलं होतं. मुलीला आपला वास येऊन काही आठवायला नको म्हणून. मी काचेमागून बघत बसले आणि तो तासही जाऊ दिला.

*

सोमवारी ती आली तेव्हा मी तिला खिडकीशी न ठेवता आत बोलावलं. वजनाचा रकाना दाखवला आणि एका दमात सगळं सांगितलं. माझी चूक, एसी, चार मिनिटं.

तिने पान हातात धरलं. बराच वेळ तिची नजर त्या एकोणपन्नासवर होती.

“म्हणजे मी नव्हते?” तिने विचारलं.

“नव्हतात.”

“माझ्यामुळे होत नव्हतं तिला.”

“उलट होतं. तुम्ही बोललात की ती निवायची. हे बघा ना.”

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली जमिनीवरच बसली, माझ्या टेबलाला पाठ लावून, आणि तोंडावर पदर धरून रडली. मी तिच्यासाठी पाणी आणलं आणि ग्लास हातात घेऊन नुसती उभी राहिले.

“मी तिला जवळ घेतलं नाही ओ, चौगुलेबाई,” ती म्हणाली. “वर्षभर. ती यायची जवळ सुरुवातीला. मी सरकायचे. मला वाटायचं मी चांगलं करतेय.”

आमच्याकडे तक्रारीचा अर्ज असतो. त्यात एक रकाना तक्रारदाराचा, एक ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा आणि एक तक्रार स्वीकारणाऱ्याचा. त्या दिवशी मी तो अर्ज माझ्या हाताने भरला. तक्रारदार ऋतुजा मगदूम. विरुद्ध, हेमलता चौगुले, नोंद सहायक. स्वीकारणार, हेमलता चौगुले. नाईकवडी सरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“वीस मिनिटं मी त्या खोलीत नुसता वाट बघत बसलो होतो,” ते म्हणाले. “अदलाबदल माझ्यासमोर झाली. मलाही दिसलीच असणार.”

“यंत्र माझ्याकडे होतं, सर.”

“माणसं माझ्याकडे होती,” ते म्हणाले आणि त्यांनी अर्जावर माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

*

विमा कंपनीचं उत्तर पाच दिवसांत आलं. चुकीबद्दल एक ओळ, बाकी सगळी कलमं. एका नव्या मोजणीचा खर्च कंपनी देईल. मोजणीत नोंद चुकीची ठरली तर आईची अंतर योजना रद्द होऊन ती ‘योग्य व्यक्तीला’ लागू होईल.

योग्य व्यक्ती दुसऱ्याच दिवशी माझ्या खिडकीशी आली. सन्मती मागे मान खाली घालून उभा होता.

“बाई, मीच का ती?” कुसुमाक्कांनी विचारलं. “माझ्यानं पोरीचा श्वास अडकत हुता?”

नियमाने मी काही बोलायला नको होतं. “तसं दिसतंय,” मी म्हणाले.

“मला काय ठाऊक गं बाई. तितं वारं लागत न्हवतं म्हणून बसले मी.” त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली. “घरात ती आन् मी, दोघींचं जमत न्हवतं, हे खरं हाय. मी तोंडानं काय बोलायची न्हाई, पण आतनं जळायची. ते पोरीला कळत आसंल?”

“आई, पुरे,” सन्मती म्हणाला.

“पुरे कसं? ती गेली आन् माझं जळणं थांबलं. म्हणून पोरगी बरी झाली. मी देवाला सांगत हुते, माझ्या सेवेनं बरी झाली म्हणून.” मग सरळ माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “मी जाते की समडोळीला, माझ्या भावाकडं. तिला म्हणावं, ये घरी. तिचंच घर हाय.”

अन्वीचा श्वास ऋतुजा गेल्यापासून फक्त दोनदा अडकला होता. योजना यशस्वी म्हणून आमच्या वार्षिक अहवालात मगदूम कुटुंबाचा, नाव न घेता, उल्लेखही झाला होता.

ऋतुजाला मी कुसुमाक्कांचं बोलणं फोनवर कळवलं. “त्यांना समडोळीला नका पाठवू,” ती म्हणाली. “मला माहितीय एकटं राहणं काय असतं ते. मी घरी गेले की आम्ही दोघी बघू कसं जमवायचं ते. या वेळी जमवू.” तिने मिरजेच्या खोलीचं सामानही बांधायला घेतलं होतं. अन्वीला आवडतो म्हणून पिवळ्या रंगाचा पडदा घेतलाय, असं सांगताना तिचा आवाज किती तरी दिवसांनी चढा लागला.

*

नव्या मोजणीच्या दिवशी मी प्रत्येक खुर्चीच्या पाठीला मोठ्या अक्षरांत नाव लिहून कागद चिकटवले. एसी बंद ठेवला. बाहेर एकोणचाळीस अंश होते आणि सगळे घामाघूम झाले, पण मी तो लावू दिला नाही.

ऋतुजा आधी आली. तिने नवा कुडता घातला होता आणि आज वासाचा साबण वापरला होता, मला दारातच कळलं. मग बाकीचे तिघे आले. अन्वी चुरूचुरू बोलणारी पोर, केस कानापर्यंत कापलेले. पंख्याचा वारा चार नंबरच्या खुर्चीवर येत होता आणि तिची आई घाम पुसत होती. ते बघून अन्वी उठली.

“इथे बस ना, इथे वारा येतो,” ती म्हणाली आणि आपली खुर्ची आईला देऊन बाजूला उभी राहिली. शिवाय कोपऱ्यातल्या माठातून ग्लासभर पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं. घरी कुणी आलं की पाणी द्यायचं, हे आजीने तिला चांगलं शिकवलं होतं.

“जागा बदलायची नाही,” मी जरा मोठ्यानेच म्हणाले. “आपापल्या नावावर बसा.”

चाळीस मिनिटं ते बोलले. अशा तीन बैठका एका आठवड्यात घेतल्या, कंपनीची तेवढीच अट होती. तिन्ही वेळा मी दारात उभी राहिले आणि दर पाच मिनिटांनी वजनाचा रकाना पाहिला. दोन, आई, एकोणपन्नास. तीन, आजी, अठ्ठ्याहत्तर. काडीचीही चूक नव्हती.

अहवाल नाईकवडी सरांनी आधी एकट्याने वाचला. मग मला बोलावलं.

मुलीकडे जाणारी लाल रेघ आईची होती. हिरवी रेघ आजीची होती.

“यंत्र तपासलंत?” मी विचारलं.

“दोनदा.” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ठोक्यांची ही जोडी जन्मापासून आलेली नसते, बाई. रोजच्या सहवासाने पडलेली ती सवय असते. मुलांची सवय लवकर लागते आणि लवकर सुटते. चौदा महिने, पोरगी जवळ आली की आईने हात मागे घेतला. ही आली की काहीतरी सांभाळायचं असतं, एवढंच त्या पोरीच्या शरीराने शिकून घेतलं. आता आई दिसली की तिचे ठोके वाढतात. आणि आजी शांत आहेत, रोजच्या आहेत.”

“परत जुळेल ना पण? एकत्र राहिल्या तर?”

“जुळेलही. वर्षभरात, दोन वर्षांत. पण मधल्या काळात श्वास अडकणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. आणि कंपनी ‘जुळेलही’ला पैसे देत नाही.”

हे ऋतुजाला मी सांगायचं, असं मीच म्हणाले. मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

तिने ऐकून घेतलं. प्रश्न तिने एकच विचारला, “परत अतिदक्षता विभागात जाऊ शकते?” मी हो म्हणाले. तिने पर्समधून पेन काढलं.

“थांबा,” मी म्हणाले. “घाई करू नका. नियम धाब्यावर बसवून घरी गेलात तर तुम्हाला कोण अडवणार आहे? मी तर नाही अडवणार.”

“तिचे ओठ निळे झालेले मी पाहिलेत, चौगुलेबाई. तुम्ही नाही पाहिलेत.”

आणि तिने अंतिम करारावर सही केली. तक्रारीच्या अर्जावर मला शेवटचा रकाना भरायचा होता, निष्कर्ष. सत्य लिहायचं तर एकच वाक्य होतं. मूळ नोंद चुकीची होती, सध्याची नोंद बरोबर आहे. मी ते लिहिलं, खाली शिक्का मारला आणि घरी जाऊन दोन दिवस रजा टाकली. कारवाई म्हणून माझी एक वेतनवाढ रोखली गेली. तेवढ्यावर भागलं, म्हणून मला सहकाऱ्यांनी चहा पाजला.

*

एकतीस तारीख शनिवारी आली. सकाळी मी मगदूमांची सगळी कच्ची पानं छापून घेतली, बारा बैठकांची. कागदी नोंदीत चूक सुधारायची आमची एक पद्धत आहे. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द लिहायचा, शेजारी सही आणि तारीख. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. ‘आजी’वर रेघ, वर ‘आई’. ‘आई’वर रेघ, वर ‘आजी’. दुपारी चारपर्यंत माझं बोट सुजलं. मग मूळ नोंद कायद्याप्रमाणे नष्ट केली.

ऋतुजा साडेचारला आली. तास पाचचा होता. मी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि पहिल्या बैठकीचं एक पान मुद्दाम वर काढलं. पाच वाजून बावन्न मिनिटांनी अन्वीचे ठोके एकशे अठ्ठावीस होते. त्रेपन्नाव्या मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. बाराही बैठकांत एवढे झपकन कधी उतरले नव्हते. समोर लिहिलेलं होतं, ‘बोलणारी व्यक्ती’, आणि तिथे माझी रेघ, माझी सही, वर ‘आई’.

तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“मी काय बोलले होते तेव्हा?” तिने विचारलं.

“आवाजाची नोंद नसते.”

“ते माहितीय. पण तुम्ही होतात ना त्या दिवशी खोलीत? आठवा ना, चौगुलेबाई. काय बोलले मी? एवढं काय म्हटलं असेन?”

मला आठवत होतं. त्या वेळी मी पाण्याची बाटली ठेवायला आत गेले होते. वडील तावातावाने काहीतरी सांगत होते, पोर धापा टाकायला लागली होती, आणि ही बाई मध्येच भलतंच काहीतरी बोलली म्हणून मला तिचा रागही आला होता.

“तुम्ही विचारलंत, वेणी घट्ट झालीय का गं,” मी म्हणाले. “तिने मान खाली केली आणि तुम्ही रबर सैल केलंत.”

ऋतुजा म्हणाली, “आता वेणी नाही तिला. मी गेल्यावर केस कापले. सकाळी घालणार कोण? आईंची बोटं थरथरतात.”

तिने पानं पिशवीत नीट ठेवली, तोंड धुतलं आणि भेटीच्या खोलीत गेली. मी काचेमागे बसले.

अन्वी चित्रांची वही घेऊन आली होती. ती चित्र काढत होती, आई बघत होती. अर्धा तास दिवा हिरवाच होता. मग ऋतुजा उठली, टेबलाला वळसा घालून तिच्या मागे गेली आणि तिने त्या कापलेल्या केसांवर हात ठेवला. अन्वीची पेन्सिल थांबली. तिने मान हळूच खाली वाकवली.

दिवा पिवळा झाला. ऋतुजाने हात उचलला आणि ती आपल्या खुर्चीत परत येऊन बसली.

अन्वीची मान मात्र थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली.